विजूताईंची फणी आणि माझी कात्री

दत्तूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दत्तू म्हणजे विजूताईंचा धाकटा भाऊ. केडगावला त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत विजूताईंचं पार्लर होतं आणि मागच्या खोलीत त्या राहायच्या. "बाई, ताई गेली सकाळी," एवढंच तो म्हणाला आणि बराच वेळ फोन तसाच धरून राहिला, जणू पुढचं मीच बोलायचं होतं. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का... पण मी म्हणाले. दहा मिनिटांत आमच्या मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'मंडळाचा आधारस्तंभ हरपला', 'गोरगरीब लेकरांची माय गेली'. सहा वर्षांपूर्वी ज्या मंडळानं या बाईला बाहेरचा रस्ता दाखवला, त्याच मंडळाचा आधारस्तंभ आज हरपला होता. मीही हात जोडले. ग्रुपवर हात जोडायला काय जातं.

आठवड्याभरानं मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "नीलाताई, पुरवणीसाठी विजूवर तुम्हीच लिहा. तुम्ही मराठीच्या बाई, तुमच्या हाताला वळण आहे. फक्त ते जुनं प्रकरण नको हं, उगाच गेलेल्या माणसाबद्दल..." मी हो म्हणाले. हो म्हणण्याची मला जुनी सवय आहे. मग कागद पुढे घेऊन बसले तर लक्षात आलं, की ते जुनं प्रकरण वगळलं तर विजूताईंबद्दल जे उरतं ते कुठल्याही चांगल्या बाईबद्दल लिहिता येईल. आणि त्या तशा सरसकट चांगल्या नव्हत्या. मिश्री लावायच्या, पोरांना चिमटे काढायच्या, लग्नाच्या हंगामात नवऱ्या मुलीच्या आईला मनाला येईल तो आकडा सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मुलीपेक्षा हॉलवर जास्त खर्च केला तुमी, मला नगा सांगू."

आमची ओळख झाली ती माझ्या डोक्यातल्या उवांमुळे. यात लाजण्यासारखं काही नाही असं आज म्हणते, पण तेव्हा मी लाजेनं अर्धी झाले होते. आमचं मंडळ म्हणजे सावेडीतल्या निवृत्त आणि निवृत्तीला टेकलेल्या बायकांचं. गळिताच्या हंगामात, दर रविवारी, भाड्याच्या गाडीतून आम्ही कोल्हारच्या पुढे प्रवरेच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या तळावर जायचो. पाथर्डीकडची, शेवगावकडची ही कुटुंबं दिवाळीनंतर येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परत जातात. सोबत पोरं असतात. एका शेतकऱ्यानं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही त्यांची शाळा भरवायचो. पोरं एका हातानं अक्षर गिरवायची आणि दुसऱ्या हातानं डोकं खाजवायची. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर मीही खाजवायला लागले. सावेडीतल्या पार्लरमध्ये जाणं शक्यच नव्हतं, संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं असतं. म्हणून स्कूटर काढली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला केडगावला, जिथं मला कुत्रंही ओळखत नाही, अशा ठिकाणी एक पार्लर शोधून काढलं.

विजूताईंनी माझ्या मांडीवर पांढरं फडकं पसरलं, दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली लाकडी फणी काढली आणि मान खाली दाबली. "कुठनं आनल्या एवढ्या?" मी तळाचं सांगितलं, जरा मोठेपणा घेऊनच सांगितलं, सेवा वगैरे. त्या काही वेळ फणी ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तितं जाऊन काढायला पायजेत, बाई. तुमच्या डोक्यातनं काढून काय उपेग? पुढच्या रविवारी तुमी परत घेऊन येनार." मला राग आला होता. पण पुढच्या रविवारी त्या खरंच गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत दोन फण्या, कात्री, तेलाची बाटली आणि ते पांढरं फडकं. मंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या सगळ्या एम.ए., बी.एड., आणि ही पार्लरवाली.

पहिल्या रविवारी विजूताईंनी एकाही पोरीच्या डोक्याला हात लावला नाही. आम्ही शिकवत होतो आणि त्या शेडच्या कडेला पोतं टाकून नुसत्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, सुरू करा की." तर म्हणाल्या, "आया येऊ द्यात फडातनं. आईला इचारल्याशिवाय मी डोक्याला हात लावत न्हाई." आया म्हणजे पहाटे अंधारात ऊस तोडायला गेलेल्या बाया, त्या दुपार कलल्यावर येणार. आमची गाडी एकला निघायची. आम्ही निघालो, त्या थांबल्या. एकेका कोपीपुढे जाऊन त्यांनी विचारलं म्हणे, आणि रात्रीचा स्वयंपाक गाठायला एसटीनं केडगावला परत आल्या. गाडीत आमची त्यावर चांगली करमणूक झाली होती. डोक्यातल्या उवा काढायला परवानगी कसली मागायची, असं आम्हाला वाटत होतं.

पण पुढच्या रविवारपासून तिथं रांग लागली. आमच्यापेक्षा जास्त पोरी त्यांच्या पोत्यापाशी बसू लागल्या. एक डोकं व्हायला तास-तास जायचा, आणि त्या तासात पोरगी बोलायची. कुणाचा कान वाहतो, कुणाला बाप मारतो, कुणाचं लग्न पट्टा पडल्यावर उरकायचं ठरलंय, हे सगळं आधी विजूताईंना कळायचं आणि मग आम्हाला. पोरगी हलली की त्या चिमटा काढायच्या, शिवीही द्यायच्या. पोरी तरी तिथंच चिकटून. मला हजेरीतली नावं पाठ होती, त्यांना डोकी पाठ होती. माझ्या हजेरीत जी 'सोनाली' होती, ती त्यांची 'सोनी'.

सोनी सात वर्षांची होती आणि तिचे केस पाठीच्याही खाली गेलेले होते. जन्मल्यापासून त्यांना वस्तरा किंवा कात्री लागलेली नव्हती. तिची आई कांताबाई पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर तोडीला आलेली. आधीची दोन पोरं गेली तेव्हा तिनं गावच्या देवीला बोलून ठेवलं होतं, की ही जगली तर सात वर्षं केसाला हात लावणार नाही, मग मामाच्या मांडीवर बसवून देवीपुढे जावळ काढीन. सात वर्षं त्या चैतात पुरी होणार होती. तोवर केस तेलानं, फणीनं, हातानं, जसे जमतील तसे सांभाळायचे. विजूताईंनी ते काम अंगावर घेतलं. तीन रविवार त्या एकट्या सोनीच्या डोक्याशी बसल्या. गुंता सोडवायच्या, लिखा ओढायच्या, थोडं झालं की पोरगी रडायला लागायची म्हणून थांबायच्या. नवसाचं सगळं त्यांनी मला येताना गाडीत सांगितलंही होतं. मी पेपर तपासत होते. "हं," म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ, ऐकलं आणि सोडून दिलं. मला माहीतच नव्हतं असं नंतर म्हणायची सोय नाही, ती यामुळे.

चौथ्या रविवारी पुण्याहून देणगीदार शाळा बघायला येणार होते. अध्यक्षांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मुली जरा माणसात बसवण्यासारख्या दिसू द्या." सकाळी थंडी होती, शेडबाहेर पाणी तापवायला पाचट पेटवलं होतं. पलीकडच्या कोपीत एक ओली बाळंतीण होती, तिच्या डोक्यावरून पाणी घालायला म्हणून विजूताई तिकडे गेल्या, पिशवी शेडमध्येच ठेवून. पाहुण्यांची गाडी कोल्हारपर्यंत पोचल्याचा फोन आला. मी पोरी ओळीत बसवत होते आणि पुढच्या ओळीत सोनी, अर्धं डोकं विंचरलेलं, अर्ध्याचा गोळा झालेला आणि त्या गोळ्यावर पांढऱ्या लिखा. मला त्या क्षणी तिची किळस आली. हे लिहायला नको वाटतंय, पण तसंच झालं. मी विजूताईंच्या पिशवीतून कात्री काढली. मानेपर्यंत सगळे कापले. दहा मिनिटंही लागली नाहीत. सोनी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "बघ, किती हलकं वाटतंय." आणि ते केस चिमटीत धरून, अंगाला लागू न देता, बाहेरच्या जाळात टाकले.

पाहुणे आले, फोटो निघाले. पुढच्या ओळीत सोनी. तो फोटो पुढे चार वर्षं आमच्या मंडळाच्या पत्रकावर होता.

विजूताई परत आल्या तेव्हा पाहुणे चहा घेत होते. त्यांनी सोनीकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जाळापाशी गेल्या, काठीनं राख उकरून बघितली आणि तिथंच बसून राहिल्या. मंडळाच्या बाकी बायका पाहुण्यांबरोबर निघून गेल्या. मी विजूताईंबरोबर थांबले, एवढं मात्र केलं. दुपारी बाया फडातून आल्या. कांताबाई डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्यांची मोळी घेऊन येत होती. तिनं पोरीला बघितलं आणि मोळी खाली टाकली. ती ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त पोरीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि विचारलं, "केस कुठं हायती?" ती परत म्हणाली, "केस द्या की. फडक्यात बांधून ठिवते. देवीपुढं ते तरी ठिवता येतील." तेव्हा विजूताई उठल्या आणि म्हणाल्या, "जाळात गेले. माझ्या हातनं झालं, कांताबाई."

मी तिथं चार पावलांवर उभी होते. तोंड उघडायला लागतो तेवढाच वेळ हवा होता. तो होता. तोवर टोळीचा मुकादम आला, बाया जमल्या, गलका झाला. "ही केसवाली बाई उद्यापास्नं तळावर न्हाई पायजे. शाळेच्या बाया येऊ द्या, हिला न्हाई." विजूताईंनी पिशवी उचलली, फडकं झटकून त्याची घडी केली आणि डांबरी रस्त्याला लागल्या. मी मागोमाग.

कोल्हारच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. समोर पेढ्याच्या दुकानात गर्दी होती. एवढ्या ओळखीत त्या मला कायम 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. "तुझं नाव घेतलं असतं तर शाळा गेली असती. पोरी दोन अक्षरं शिकायल्यात. माझं काय, उवा परत व्हतातच." मी रडायला लागले. त्यांना ते आवडलं नाही. "रडू नको. दोन-तीन रविवार जाऊ दे, निवळलं की कांताबाईला तूच सांग. मंडळात सांग का नको सांगू, पर तिला सांग. तिला कळलं पायजे, तिनं भरोसा ज्या हातावर टाकला तो हात न्हवता त्यो." मी म्हटलं, "सांगते." नगरला उतरताना परत एकदा म्हटलं, "नक्की सांगते, विजूताई."

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाल्या, अशा अर्धशिक्षित बाईला आपण नेलं हीच चूक. कुणी म्हणालं, आपलं नाव खराब झालं. कुणी म्हणालं, या लोकांच्या अंधश्रद्धाही काही कमी नाहीत, पण तरी. ठराव झाला, की श्रीमती विजया यांनी यापुढे मंडळाच्या उपक्रमात भाग घेऊ नये. मी चिटणीस होते. इतिवृत्त मीच लिहीत होते. माझ्या त्या नावाजलेल्या, वळणदार अक्षरात तो ठराव मी लिहिला, काना-मात्रेची एक चूक न करता, आणि खाली सही केली. अजून आहे ती वही.

दोन-तीन रविवार गेले. मग आणखी गेले. सोनीला ताप आला, तो लवकर उतरेना, आणि तळावर सगळे म्हणायला लागले की देवीचा कोप झाला. आता सांगितलं तर काय होईल, म्हणून मी आणखी थांबले. ताप उतरला तेव्हा पट्टा पडला आणि टोळी गावाला गेली. पुढच्या हंगामात कांताबाईच्या नवऱ्यानं मुकादम बदलला, ते दुसरीकडे गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुठं शोधायचं तिला, असं मीच मला सांगायचे. खरं तर पाथर्डीकडच्या त्या गावाचं नाव माझ्या हजेरीत लिहिलेलं होतं. तळावर विजूताईंच्या जागी आम्ही शाम्पूच्या पुड्या वाटल्या. पोरींनी त्या आयांना दिल्या, आयांनी त्यानं कपडे धुतले. उवा पूर्वीसारख्या झाल्या आणि पोरी हळूहळू कमी झाल्या. दोन वर्षांनी मला समाजकार्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. मी भाषणही केलं होतं.

विजूताईंना मी टाळत होते. त्याच वर्षी चैतात एकदा त्या दिसल्या, माळीवाड्याच्या स्टँडवर, डोक्याचं पूर्ण मुंडण केलेलं आणि त्यावर पदर. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली. मी विचारलं, "हे काय?" म्हणाल्या, "बालाजीला गेल्ते." पार्लरवाली बाई, आणि स्वतःचे केस देऊन आली, गिऱ्हाइकं काय म्हणतील, असं मी चेष्टेनं काहीतरी बोलले. त्या हसल्या. निघताना म्हणाल्या, "सांगितलंस का तिला?" मी म्हटलं, "अजून भेट नाही झाली." मग वर्षा-दोन वर्षांनी कुठल्याशा लग्नात भेटल्या, तेव्हाही हेच विचारलं. त्या कधी रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. दळण आणलंस का, असं विचारावं तसं विचारायच्या. मला त्या विचारण्याची भीती बसली होती.

यंदा दिवाळीनंतर कांताबाईचं बिऱ्हाड परत कोल्हारच्याच तळावर आलं. मी तिला ओळखलं, तिनंही मला ओळखलं असावं. चार रविवार मी शेडमध्ये येऊन-जाऊन होते आणि तिची कोपी तिथून हाकेच्या अंतरावर होती. गेले नाही. त्याच सुमारास दत्तूनं कळवलं, की ताईला दवाखान्यात ठेवलंय, पोटातलं दुखणं फार पुढं गेलंय. मी भेटायला गेले. विजूताई कॉटवर चादरीखाली एवढ्याशा दिसत होत्या. इकडचं-तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलंच. "कांताबाई यंदा कोल्हारला हाय म्हनं. बोललीस का?"

मी म्हटलं, "हो. बोलले."

"काय म्हनली?"

मी थांबायला हवं होतं. पण एकदा खोटं सुरू केलं की ते पुरं करावंसं वाटतं. म्हटलं, "झालं गेलं, म्हणाली. मनात काही ठेवू नका म्हणाली."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाल्या, आणि माझा हात धरून बराच वेळ पडून राहिल्या. मी घड्याळाकडे बघत होते. ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी दत्तूनं बोलावलं. खोली रिकामी करायची होती, एकाला मोबाईल दुरुस्तीसाठी भाड्यानं द्यायची ठरली होती. "तुमाला ताईचं काही पाहिजे असलं तर बघा बाई," म्हणाला. मी गेले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि आत, गिऱ्हाइकाच्या बाकावर, कांताबाई बसली होती. शेजारी एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी, लांबसडक वेणी. मी ओळखलं. त्या दोघी दुखवट्याला आल्या होत्या, कारखाना बंद म्हणून त्या दिवशी तोड नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "केवढी झालीस गं सोनाली," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. तिनं मान मागे घेतली. रागानं नाही, नुसती मागे घेतली, मांजर घेतं तशी.

दत्तू चहा आणायला गेला. कांताबाई भिंतीवरच्या आरशाकडे बघत म्हणाली, "लई जीव हुता ताईंचा. त्या साली चैतात आमच्या गावाला आल्या, इचारत इचारत. पोरीचे केस तर जळालेले. पुजारी म्हनला, बदली केस द्या, बोललेलं फिटंल. माझा भाऊ मांडी घालून बसला हुता, पोरीच्या डोक्यावरचं कात्री लागलेलं केस देवीला चालत न्हवतं. ताई म्हनल्या, माझं घ्या. पाटावर बसल्या अन् सगळं दिलं." मला बालाजी आठवला, आणि माळीवाड्याच्या स्टँडवर मी केलेली चेष्टाही.

त्या वेळी मी बोलले. सहा वर्षं जे तोंडाशी येत नव्हतं ते त्या खोलीत एका दमात बोलले. की केस विजूताईंनी नाही कापले, मी कापले, मला नवसाचं माहीत होतं, जाळातही मीच टाकले. बोलताना मला वाटत होतं की आता छत कोसळेल. कांताबाई ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सोनीनं त्याच दिशी सांगितलं हुतं, सांजच्याला. तिला तोंड हाय की, बाई."

सोनी खाली बघत बसली होती. आम्ही त्या पोरांना बोलतं करायला जात होतो. पत्रकावर तसंच छापलं होतं. आणि एवढ्या वर्षांत, एकदाही, माझ्या मनात आलं नव्हतं की जिचे केस कापले ती पोरगी घरी जाऊन आईला सांगेल. मला वाटत होतं की हे गुपित मी आणि विजूताई सांभाळतोय. ते सांभाळत होत्या विजूताई, ही आई आणि ही सात वर्षांची पोर. मला त्यात कुणी धरलंच नव्हतं.

मी विचारलं, "मग तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?"

"ताईनी अंगावर घेतलेलं आपुन कसं मोडायचं, म्हनून गप ऱ्हायले. मंग गावाला आल्यावर त्यांनी हात जोडलं. म्हनल्या, कुनाला बोलू नगा, साळा बंद पडंल. अन् म्हनल्या, त्या बाई येतील सांगायला, त्यांनी सबूद दिलाय. मंग आमी वाट बघितली. यंदा तुमी कोपीपास्नं जात हुता, मला वाटलं येत्यात आता..." मग तेवढ्याच सपाट आवाजात पुढचं बोलली. "दवाखान्यात गेल्ते मी. ताई म्हनल्या, बाई बोलल्या ना तुला, झालं गेलं म्हनलीस म्हनं तू. मी कवा म्हनलं हुतं तसं? पर त्यांच्या तोंडाकडं बघितलं, अन् व्हय म्हनले. बोलल्या म्हनले. जानाऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

मी म्हटलं, "कांताबाई, मला माफ करा."

"ते ताईंना म्हनायचं हुतं," ती म्हणाली आणि उठली. "चल सोनी, यष्टी चुकंल." चहा यायच्या आत त्या दोघी शटरखालून वाकून बाहेर पडल्या.

मी त्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिले. दत्तू कपबश्या घेऊन आला, त्यांना गेलेलं बघून त्यानं दोन कप परत ठेवले. कपाटात फडकी होती, बाटल्या होत्या, त्याला मी काही नको म्हणून सांगितलं. रस्त्यावरून एक बाई लहान मुलीला घेऊन आली, शटरखालून डोकं घालून विचारू लागली, ताई हायेत का, हिच्या डोक्यात झाल्यात. दत्तूनं तिला सांगितलं. ती मुलीचा हात धरून तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. विजूताई माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या, तो विश्वास कांताबाईनं खोटं बोलून पुरा केला. 'झालं गेलं' हे शब्द मी तिच्या तोंडी घातले होते. विजूताईंपुढे तिनं त्या शब्दांना हो म्हटलं. मला ते तिनं अजून म्हटलेले नाहीत.